पट्ट्याबरोबर पुस्तकही



मुलाला कराटेच्या क्लासला घालताना आपण काय काय विकत घेतो? पांढरा ड्रेस, बेल्ट, हातमोजे आणि दर काही महिन्यांनी परीक्षेची फी. पुस्तक मात्र त्या यादीत कधीच नसते. गणिताला पुस्तक असते, अरबी शिकायला नूरानी कायदा असतो, चित्रकलेलाही वही असते. कराटेला फक्त हातपाय पुरतात, असे आपण धरून चालतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनींच्या पत्रामुळे या महिन्यात हा विषय घेतला आहे. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा. त्याला हिरवा बेल्ट मिळाला आणि पंधरा दिवसांत त्याने शाळेत बाकावरच्या जागेवरून एका मुलाच्या तोंडावर ठोसा मारला. त्या मुलाच्या ओठाला दोन टाके पडले. मुलाचे अब्बा म्हणतात, क्लास आजच बंद. अम्मीचे म्हणणे असे, की याच क्लासमुळे तो पहाटे उठायला लागला, घाबरणे कमी झाले, मोबाइल सुटला. त्या विचारतात, "त्याच्या हातात देण्यासारखे एखादे पुस्तक आहे का? नाहीतर सांगा, आम्ही नाव काढून टाकतो."

पुस्तके आहेत, आणि चांगली आहेत. पुढे सांगितलेली सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत. पण घरात कॉलेजात जाणारे कोणीतरी असतेच. एकाने वाचावे आणि रात्री जेवण झाल्यावर बाकीच्यांना मराठीत सांगावे. आपल्या घरांत किस्से असेच तर आजवर पोचत आले.

राखून ठेवलेला डाव

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पुस्तकातून लाथ शिकता येत नाही. पाय किती वळवायचा, कंबर कधी फिरवायची, हे समोर उभे राहून दाखवणारा माणूसच शिकवतो. फोटो पाहून घरी उड्या मारणारा मुलगा गुडघा दुखवून घेतो.

मग पुस्तक कशासाठी? आपल्याकडच्या तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. (हा वस्ताद म्हणजे आपला उस्तादच, शब्द फारसीतून मराठीत आला आणि मातीत लोळून तसा झाला.) कराटेत असा एक डाव आहे जो मुद्दाम कोणी राखून ठेवत नाही, पण तासाभराच्या क्लासमध्ये चाळीस मुले ओळीत उभी असताना तो शिकवायचा राहून जातो. हात कधी उचलायचा नाही, हा तो डाव. कराटेची उत्तम पुस्तके जवळपास सगळी याच एका डावाबद्दल आहेत.

कराटेचे गाव म्हणजे ओकिनावा, जपानच्या दक्षिणेकडची बेटे. तिथे ही विद्या पिढ्यान्पिढ्या गुपचूप शिकवली जाई. रात्री, उस्तादाच्या अंगणात, एकदोन शिष्यांना. लिहिलेले फारसे काही नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आंको इतोसू या उस्तादांनी ती शाळांमध्ये आणली. मुलांना झेपावेत म्हणून त्यांनी पाच सोपे काते बसवले. ओकिनावात त्यांना पिनान म्हणतात, तर शोतोकान शैलीत हेयान. तुमचा मुलगा पिवळ्या-नारिंगी बेल्टला जे "हेयान शोदान, हेयान निदान" करून दाखवतो, ते हेच. 1908 मध्ये इतोसूंनी दहा कलमांचे एक पत्र लिहून ही विद्या मुलांना का आणि कशी शिकवावी ते मांडले. म्हणजे लहान मुलांच्या हाती ही विद्या देताना पहिल्या पिढीनेच लेखणी उचलली होती. ते काम आपल्या घरी अर्धवट राहिले आहे, इतकेच.

सहा ते दहा वर्षे: वाचू नका, ऐकवा

या वयाच्या मुलाला पुस्तक विकत देण्याची घाई नको. त्याला गोष्टी सांगा. त्यांचा साठा दोन पुस्तकांत मिळतो. एक, गिचिन फुनाकोशी यांचे आत्मचरित्र 'कराटे-डो: माय वे ऑफ लाइफ'. दुसरे, शोशिन नागामिने यांचे 'टेल्स ऑफ ओकिनावाज ग्रेट मास्टर्स', ज्याचे इंग्रजी भाषांतर पॅट्रिक मॅकार्थी यांनी केले आहे.

फुनाकोशींच्या पुस्तकातला एक किस्सा नमुना म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. मात्सुमुरा नावाचे थोर उस्ताद एका कारागिराकडे आपली चिलीम घेऊन गेले. धातूवर नक्षी कोरणारा हा कारागीरही कराटेत तरबेज होता. त्याने हट्ट धरला, माझ्याशी एकदा लढाच. दुसऱ्या दिवशी पहाटे कबरस्तानाजवळ दोघे समोरासमोर उभे राहिले. कारागीर पुढे सरसावला, पण मात्सुमुरांच्या नजरेला नजर भिडली आणि त्याचे पाय जागीच थांबले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी तो घामाघूम होऊन बसला आणि हार मानली. एकही ठोसा न मारता लढत संपली.

ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. तो विचारील, "मग मारलेच नाही?" तो प्रश्न त्याच्या तोंडून आला की तुमचे अर्धे काम झाले. उत्तर लगेच देऊ नका. त्यालाच विचारा, कोण जिंकले आणि कशामुळे.

अकरा ते पंधरा: पहिले स्वतःचे पुस्तक

रत्नागिरीच्या भगिनींना माझे उत्तर हेच पुस्तक आहे, 'कराटे-डो: माय वे ऑफ लाइफ'. लहान आहे, भाषा सोपी आहे, आठवी-नववीतल्या मुलाला शब्दकोश जवळ ठेवून वाचता येते. इंग्रजी भाषांतर 1975 मध्ये आले.

फुनाकोशींचा जन्म 1868 चा. लहानपणी ते अशक्त होते, वारंवार आजारी पडत. वर्गमित्राचे वडील आझातो हे कराटेचे उस्ताद. रात्री कंदील घेऊन मुलगा त्यांच्या घरी जाई आणि अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करी. पुढचा काता मागायची सोय नव्हती, उस्ताद "पुरे" म्हणेपर्यंत तोच. आपल्या मुलांना दर तीन महिन्यांनी नवा बेल्ट हवा असतो. त्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

पुढे फुनाकोशी शाळामास्तर झाले आणि तीसेक वर्षे मास्तरकी केली. 1922 मध्ये ते प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात छोटी खोली मिळाली. दिवसा अंगण झाडायचे, पहारेकऱ्याचे, माळ्याचे काम करायचे आणि मोकळ्या वेळात कराटे शिकवायचे. पैसे इतके कमी, की जेवणाचे बिल कमी व्हावे म्हणून त्यांनी स्वयंपाक्यालाच कराटे शिकायला राजी केले. एकदा गहाणवटीच्या दुकानात जुनी टोपी आणि हातमागाचा किमोनो ठेवायची वेळ आली. दुकानदाराने अपेक्षेपेक्षा जास्त पैसे दिले. मागाहून कळले, की दुकानातल्या एका नोकराचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे शिकत होता. जगभरच्या शोतोकान शाळांत ज्यांचा फोटो लागतो, तो हा माणूस झाडू मारत होता आणि त्याने त्याची लाज बाळगली नाही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. म्हातारपणी वाटेत एक चोर त्यांच्या अंगावर आला आणि त्यांनी त्याला सहज पकडून पोलिसाच्या हवाली केले. कोणीही शाबासकी दिली असती. ते मात्र लिहितात, की आपण हात वापरला याचे त्यांना वाईट वाटले. एका चोराला पकडल्याचेही ज्याला वाईट वाटले, त्याचे पुस्तक बाकावरच्या जागेसाठी ठोसा मारलेल्या मुलाने वाचायला हवे. बापाच्या ओरडण्याने जे होत नाही ते कधी कधी परक्या म्हाताऱ्याच्या एका पानाने होते.

या पुस्तकाबरोबर आपल्याकडची एक ओळखीची शिकवण मुलाला समजावून सांगा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बलवान कोणाला म्हटले? कुस्तीत दुसऱ्याला चीत करणाऱ्याला नव्हे, तर रागाच्या क्षणी स्वतःला आवरणाऱ्याला. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. भांडण झाले तरी चेहऱ्यावर मारू नये, अशीही ताकीद हदीसमध्ये आहे. त्या मुलाचा ठोसा कुठे बसला, हे आठवा. मुलाला दुसऱ्याची पुस्तके वाचायला देताना घरातली ही शिदोरी आधी त्याच्या हाती असू द्या.

क्लास बंद करावा का? माझे मत, करू नये. पण एक महिना बेल्ट कपाटात ठेवावा, त्या महिन्यात हे पुस्तक संपवावे, जखमी मुलाच्या घरी बापलेकांनी मिळून जाऊन माफी मागावी आणि सरांना घडलेले सगळे सांगावे. चांगले सर ही गोष्ट लपवून ठेवण्यापेक्षा ऐकून घेणे पसंत करतील. ऐकून जे हसतात आणि "जोरात मारला ना?" विचारतात, त्यांचा क्लास मात्र त्याच दिवशी सोडा.

वाकण्याचा प्रश्न

पुस्तकांकडे पुन्हा वळण्यापूर्वी एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी, कारण ती याच पुस्तकांच्या पानापानांवर भेटते. कराटेची सुरुवात आणि शेवट 'रेई'ने, म्हणजे वाकून अभिवादनाने होतो. काही ठिकाणी गुडघ्यावर बसून, हात जमिनीला टेकून, भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून वाकतात. आपल्या घरांत इथेच प्रश्न उभा राहतो आणि तो रास्त आहे. रुकू आणि सजदा फक्त अल्लाहसाठी. मित्र भेटल्यावर त्याच्यापुढे वाकावे का, असे विचारल्यावर प्रेषितांनी (स.) नको म्हटले आणि हात मिळवायला संमती दिली, अशी हदीस तिर्मिजीमध्ये आहे.

पुस्तके वाचल्यावर एक कळते. फुनाकोशींच्या लेखी रेईचा गाभा कंबर वाकवण्यात नाही, तो समोरच्याचा मान राखण्यात आहे. तो मान नसेल तर उरते ती नुसती मारामारी. हा गाभा आपल्याला परका नाही. तेव्हा प्रवेश घेतानाच सरांशी स्पष्ट बोलावे. सरळ उभे राहून छातीवर हात ठेवणे किंवा हात मिळवणे असा मार्ग काढता येतो. बसून वाकण्याच्या आणि फोटोच्या बाबतीत आपल्या भागातील जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. मुलाला मात्र गोंधळात सोडू नका. घरी एक आणि क्लासमध्ये दुसरे, असे करायला लावले तर तो दोन्हीकडे खोटे बोलायला शिकतो.

ब्राऊन बेल्टच्या उंबरठ्यावर

सोळाच्या पुढे, किंवा निळ्या-तपकिरी बेल्टला, तीन प्रकारचे वाचन लागते.

पहिले, विचाराचे. फुनाकोशींची वीस सूत्रे 'द ट्वेंटी गायडिंग प्रिन्सिपल्स ऑफ कराटे' या नावाने 2003 मध्ये इंग्रजीत आली. प्रत्येक सूत्रावर दोन-तीन पाने विवेचन आहे. कराटेत पहिला वार नसतो, हा त्यातला सर्वांत गाजलेला विचार. दुसऱ्या एका सूत्रात सरावाला तापवलेल्या पाण्याची उपमा दिली आहे. परीक्षेपुरता सराव करणाऱ्यांनी ते सूत्र उघडून पाहावे. आठवड्याला एक सूत्र घेतले तर पाच महिन्यांत पुस्तक होते.

दुसरे, तंत्राचे. इथे घाईने पैसे घालवू नका. आधी सरांना विचारा, आपली शैली कोणती? शोतोकान असेल तर मासातोशी नाकायामा यांची 'बेस्ट कराटे' ही अकरा भागांची मालिका. सगळे भाग घेण्याची गरज नाही. पाचव्या भागात हेयान आणि तेक्की काते आहेत, सहाव्यात बास्साई आणि कांकू. ज्या परीक्षेची तयारी चालू आहे तेवढाच भाग घ्या. गोजू-रयू असेल तर मोरिओ हिगाओन्ना यांची 'ट्रॅडिशनल कराटे-डो' ही चार भागांची मालिका. क्योकुशिन असेल तर मास ओयामा यांचे 'धिस इज कराटे'. एका शैलीचे पुस्तक वाचून दुसऱ्या शैलीच्या सरांशी वाद घालणे हा या वयातला आवडता उद्योग असतो. तो टाळा. फोटो हे विसरलेली पायरी आठवण्यासाठी असतात.

तिसरे, नियमांचे. जागतिक कराटे महासंघाची नियमावली इंटरनेटवर मोफत मिळते आणि ती वेळोवेळी बदलते, म्हणून ताजी प्रत पाहावी. स्पर्धेला जाणारा मुलगा, त्याचे सर आणि पालक, तिघांनीही ती वाचली पाहिजे. ती न वाचल्याने किंवा क्षणभर विसरल्याने काय होते, हे सबंध जगाने पाहिले आहे.

7 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे पहिल्यांदाच आले होते. पुरुषांच्या 75 किलोवरील गटाची अंतिम लढत, सौदी अरबचा तारेग हामेदी विरुद्ध इराणचा सज्जाद गंजजादेह. हामेदी 4-1 ने पुढे होता. सौदी अरबचे ऑलिम्पिकमधले पहिले सुवर्ण हाताशी आले होते. तेवढ्यात त्याची एक लाथ गंजजादेहच्या डोक्या-मानेवर इतक्या जोरात बसली, की तो बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पंचांनी हामेदीला बाद ठरवले, कारण या नियमांत डोक्यावरचा वार आवरता आला पाहिजे. जो बेशुद्ध होता तो सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, जो उभा होता त्याला रौप्य मिळाले.

त्या निर्णयावर खूप वाद झाले. आपल्या मुलाला मी त्यातून एवढेच दाखवीन, की कराटेच्या नियमांत न आवरलेली ताकद ही चूक मानली जाते. लहान वयोगटांत तर चेहऱ्याला स्पर्श करण्याचे नियम मोठ्यांपेक्षा कडक आहेत. पालक म्हणून बाहेरून "मार, मार" ओरडण्याआधी आपण ती पाने वाचलेली असावीत.

मुली आणि त्यांच्या अम्मी

आपल्याकडे मुलगी दहा-अकरा वर्षांपर्यंत उत्साहाने क्लासला जाते. नंतर कोणीतरी म्हणते, आता पुरे. वेळ उशिराची, सर पुरुष, ड्रेसचे काय, स्पर्धेत डोके उघडे राहील का. यातले काही प्रश्न खरे असतात आणि त्यांवर उपाय शोधता येतात. महिला प्रशिक्षक असलेली बॅच शोधावी, मगरिबच्या आधीची वेळ मागावी. डोक्याचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महासंघाने मान्य केलेल्या नमुन्याचा हेडस्कार्फ घालता येतो आणि इराणच्या मुली तो घालून लढल्या आहेत. नमुना कसा असावा, गळ्याचे काय, हे नियमावलीत पाहून घ्यावे.

क्लास सुटलाच तरी कराटे सुटायला नको. फुनाकोशींनी आपल्या पत्नीबद्दल आत्मीयतेने लिहिले आहे. मुलेबाळे, सासर, शिक्षकाचा तुटपुंजा पगार, हातमागाचे काम, हे सगळे सांभाळून ती बाई दमली की बाहेर येऊन कराटेचा सराव करी. शेजारीपाजारी कोणी भांडले तर समजूत काढायलाही तीच पुढे होई. घराच्या अंगणात, गच्चीवर, दार लावून खोलीत, एक काता रोज करता येतो. त्याला फक्त चार पावले जागा लागते.

मुलगी पंधराची झाली की आईने आणि तिने मिळून वाचावे असे पुस्तक म्हणजे गॅव्हिन डी बेकर यांचे 'द गिफ्ट ऑफ फिअर' (1997). हे कराटेचे पुस्तक नाही, तरी कराटे शिकणाऱ्या मुलीच्या फळीवर ते पहिले असावे. भीती ही दुबळेपणाची खूण नसून मनाने दिलेली सूचना आहे, हे त्यात खऱ्या घटनांमधून सांगितले आहे. "नाही" म्हटल्यावरही जो ऐकत नाही, न मागता मदत करून जो उपकाराखाली ठेवू पाहतो, न मागता शपथा घालतो, त्याच्यापासून सावध कसे व्हावे, हे मुलींना लाथ मारण्याआधी कळले पाहिजे. काही घटना अंगावर काटा आणणाऱ्या आहेत, म्हणून अम्मीने आधी वाचावे आणि मग सोबत बसावे. आणि मुलगी कोणाबद्दल, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की कराटेचे सर, "मला त्यांच्याकडे बरे वाटत नाही" म्हणाली, तर तिला गप्प करू नका. हे पुस्तक घरात असून ते वाक्य ऐकले गेले नाही, तर पुस्तकाचा उपयोग काय?

ब्लॅक बेल्टनंतर

ब्लॅक बेल्ट मिळाला की शिक्षण संपले, असा गैरसमज आहे. त्या टप्प्यावर चार पुस्तके हाताशी असावीत.

फुनाकोशींचे 'कराटे-डो क्योहान' मूळ 1935 चे. त्सुतोमू ओशिमा यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1973 मध्ये आले. जाड आहे, संदर्भासाठी ठेवायचे आहे. 'कराटे' शब्दातले 'चिनी हात' हे जुने अक्षर बदलून 'रिकामा हात' का केले, हे त्यात कळते. दुसरे, नागामिने यांचे 'द इसेन्स ऑफ ओकिनावन कराटे-डो' (1976). नागामिने पोलीस खात्यात होते. ज्या माणसाचा रोज खऱ्या गुन्हेगारांशी संबंध आला, त्याने संयमावर इतके का लिहिले, हा प्रश्न मनात ठेवून ते वाचावे.

तिसरे 'बुबिशी'. चीनमधून ओकिनावात आलेले हे हस्तलिखित उस्ताद आपल्या हाताने उतरवून घेत आणि निवडक शिष्यालाच देत. मॅकार्थींचे भाषांतर 1995 पासून उपलब्ध आहे. त्यात शरीराच्या नाजूक जागा, जडीबुटीचे नुस्खे असे बरेच काही आहे. इतिहास म्हणून वाचा. नुस्खे घरी करून पाहू नका आणि हे पुस्तक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

चौथे, रोरी मिलर यांचे 'मेडिटेशन्स ऑन व्हायोलन्स' (2008). लेखकाने अमेरिकेतल्या तुरुंगात नोकरी केली आहे. क्लासमधली लढत आणि रस्त्यावरचा हल्ला यांत किती अंतर असते, हे ते स्पष्ट सांगतात. नवा ब्लॅक बेल्ट कमरेला बांधून "आता मला कोण हात लावतो" म्हणणाऱ्या तरुणाला हे पुस्तक जमिनीवर आणते. भाषा रांगडी आहे, म्हणून फक्त प्रौढांसाठी.

आणि जे चाळिशीत मुलाला सोडायला जाता जाता स्वतःच क्लासला उभे राहिले, त्यांच्यासाठी सी. डब्ल्यू. निकोल यांचे 'मूव्हिंग झेन' (1975). वेल्सचा एक तापट तरुण 1962 मध्ये जपानला जातो, पांढऱ्या बेल्टपासून सुरुवात करतो आणि हळूहळू निवळतो, त्याची ही हकीकत. त्यातले झेन विचार आणि तिथले राहणीमान आपले नाही, तेवढे बाजूला ठेवून वाचावे. रागीट माणूस कसा बदलतो, हे मात्र कोणत्याही घरात उपयोगी पडणारे आहे.

घरात कसे करावे

नियम एकच ठेवा, एका बेल्टला एक पुस्तक. नव्या बेल्टची परीक्षा तेव्हाच, जेव्हा मागचे पुस्तक वाचून झाले. मुलाला एक वही द्या. डाव्या पानावर क्लासमध्ये शिकलेले तंत्र आणि उजव्या पानावर त्या आठवड्यात राग आला तेव्हा काय केले ते. उजवे पान सरांना दाखवायचे नाही, अम्मी-अब्बांनीही न विचारता उघडायचे नाही.

पुस्तके महाग वाटत असतील तर क्लासच्या पालकांनी मिळून घ्यावीत. दहा घरांनी एकेक पुस्तक घेतले तर दहा पुस्तकांची फळी तयार होते. ती क्लासमध्ये ठेवा, किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात. दर महिन्याच्या शेवटच्या तासाला एका मुलाने उभे राहून पाच मिनिटे वाचलेले सांगावे. ज्या सरांना यासाठी पाच मिनिटेही जड वाटतील, त्यांच्याबद्दलही तुम्हाला काही कळेल.

बेल्ट काही वर्षांनी ट्रंकेत जातो. गुडघे पन्नाशीत कुरकुरतात, लाथ कंबरेच्या वर जात नाही. संकटाच्या वेळी, बाजारात, एसटी स्टँडवर, भावकीच्या वादात, ज्या एका क्षणी हात वर जाणार असतो आणि जात नाही, तो क्षण मात्र आयुष्यभर कामाला येतो. मुलांना त्याची तयारी करून देणे हे सरांइतकेच आपलेही काम आहे.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, परीक्षेच्या दिवसांत मुलांनी विरंगुळा म्हणून काय वाचावे, याविषयी बोलू. तोपर्यंत अल्लाह हाफिज.